तुम्ही विचारलंत म्हणून: तो बोल्ट मी स्टार्टरने का काढत नाही

"मेस्त, क्रँक पुलीचा बोल्ट स्टार्टर मारला की एका सेकंदात सुटतो. तुम्ही त्यासाठी गाडी दोन दिवस का ठेवता?"

क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता आस, आणि पुली म्हणजे त्याच्या टोकाचं पट्टे फिरवणारं चाक. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस दारात उभा राहिला की त्याच्या तोंडावरूनच कळतं. कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. कुणी म्हणतो, म्हापशाला एकाने चहा पिऊन होईपर्यंत काढून दिला. मी दरवेळी "आमची पद्धत वेगळी आहे" एवढंच म्हणतो आणि विषय बदलतो. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने सरळ विचारलं, "तुम्हाला येत नाही, की मजुरी वाढवायची असते?" त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून आता एकदाच सगळं सांगतो.

येतं. चांगलं येतं. बोल्टवर गोटी, म्हणजे डोक्यावर बसणारा गोल पाना, चढवायची, लांब दांडा जमिनीवर टेकवायचा, इंजिन पेटू नये म्हणून फ्यूज काढून ठेवायचा आणि चावी क्षणभर फिरवायची. क्रँक फिरतो, दांडा जमिनीला अडतो, बोल्ट जागच्या जागी राहतो आणि आटे सुटतात. सुटताना टक्क असा आवाज येतो. तो ज्याने एकदा ऐकला त्याला पुन्हा ऐकावासा वाटतो. २००८ पर्यंत मी तीसेक गाड्यांचे बोल्ट असेच काढले असतील. एकालाही खरचटलं नव्हतं.

आणि हा बोल्ट साधा नाही, हेही ऐका. चाकाचा नट शंभरेक न्यूटन-मीटरने (पिळण्याच्या जोराचं माप) आवळतात. हा दीडशे ते अडीचशेने, काही इंजिनांत त्याहूनही जास्त. दोनशे म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला वीस किलोचं पोतं लटकवल्यासारखं. ते झालं नवीन असताना. दहा पावसाळे काढलेल्या गाडीवर त्याच दांड्याला सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तरी बोल्ट हूं की चूं करत नाही. कळंगुट-हरमलच्या गाडीला खारा वारा लागलेला असतो. डिचोली-साखळीकडच्या गाडीच्या पुलीमागे खाणीची लाल धूळ ओल धरून सिमेंटसारखी बसलेली असते. वर जोर लावावा तर क्रँकच फिरतो, म्हणून आधी त्याला धरून ठेवणं आलं. स्टार्टरच्या युक्तीत तेवढं धरणं वाचतं, म्हणून ती सगळ्यांना आवडते. मलाही आवडायची.

२००८ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आली होती. ते दिवस आमच्या धंद्यात कसे असतात ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येकाला गावच्या घरी जायचं असतं आणि प्रत्येकाची गाडी त्याच आठवड्यात आठवते. त्या गाडीचा मालक पेडण्याचा. टायमिंग बेल्टची, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची, मुदत कधीच उलटून गेली होती, आणि तो बदलायला ही पुली काढावीच लागते. बेल्ट वाटेत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील आणि इंजिन उघडावं लागेल, हे मीच त्याला पटवलं होतं. सकाळपासून पाऊस आणि दुपारनंतर वीज गेलेली. कॉम्प्रेसर बंद, म्हणजे हवेच्या दाबाने बोल्ट सोडवणारी इम्पॅक्ट गनही बंद. बॅटरी मात्र होती.

माझा भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. बारावीनंतर बहिणीने माझ्याकडे पाठवलेला. हात हलका होता त्याचा. कुठला बोल्ट कितपत आवळलाय हे पाना धरताच सांगायचा. हाच हात घुमटावरही, म्हणजे आमच्या चामडं चढवलेल्या मडक्याच्या वाद्यावरही, तसाच चालायचा. आमच्या वाड्यावर चवथीच्या आरत्यांना घुमट तोच वाजवायचा. म्हातारी माणसं आरती म्हणता म्हणता थांबून त्याच्या बोटांकडे बघायची.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली, क्लीनर बाजूचं, म्हणजे डावं, पुढचं चाक काढलं. पुली त्या बाजूला होती. इथे मी थांबायला हवं होतं. एरवी बहुतेक गाड्यांना ड्रायव्हर बाजूला वाकून मी हे काम करायचो. पण हात सवयीने चालले. दांडा नेहमीसारखा उजव्या अंगाला जमिनीवर टेकवला. गोटी घसरू नये म्हणून भाच्याने दांड्यावर पंजा ठेवला. मी फ्यूज काढला, सीटवर बसलो, ओरडलो, "मारू?" तो म्हणाला, "मारा मामा."

मी चावी फिरवली. धाडकन आवाज आला. आणि मी आत बसून खुशीत विचारलं, "सुटला रे?"

तो काहीच बोलला नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं. मग मला टपावरच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला, इतकं सगळं गप्प होतं. उतरून वळसा घालून गेलो तर तो गुडघ्यांवर बसलेला. दांडा जमिनीवर नव्हता, वर मडगार्डच्या कडेला भिडलेला होता आणि मधे त्याची बोटं होती. उजव्या हाताची मधली दोन. दांडा मागे ढकलायला मला दोन्ही हात लावावे लागले. तेव्हाही तो ओरडला नाही. त्याने फक्त डोळे घट्ट मिटून घेतले. बाणास्तारीच्या पुलावरून बांबोळीच्या इस्पितळात जाईपर्यंत तो डाव्या हाताने फडकं धरून होता आणि मला सांगत होता, "मामा, हळू चालवा, रस्ता ओला आहे."

झालं काय होतं, ते नंतर कळलं. होंडाच्या जुन्या डी मालिकेतली इंजिनं पुलीसमोर उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. नव्या शतकातली त्यांची इंजिनं इतरांसारखी सुलट फिरतात. भारतात १९९८ ते २००३पर्यंतची सिटी जुन्या मालिकेतली, आणि पेडण्याची ती गाडी त्यातलीच. बोल्टचे आटे दोन्हींकडे सरळच. म्हणजे जुन्या इंजिनावर स्टार्टर मारला की दांडा जमिनीकडे जातच नाही, उलट वर उसळतो, आणि कुठे अडला तर बोल्ट आणखी आवळला जातो. इंजिनात दोष काहीच नाही. पुली डाव्या अंगाला आहे, तुम्ही दुसऱ्या बाजूने बघताय, एवढंच.

मी स्वतःची बाजू पुष्कळदा मांडली आहे. आम्हाला कुणी शिकवलं होतं? दुरुस्तीची पुस्तकं कुणाकडे होती? वीज नव्हती, मालक दोन तासांनी फोन करत होता. यातलं काही खोटं नाही. पण गोटी न लावता नुसती चावी टिचकीभर फिरवून पुलीकडे पाहिलं असतं तर ती कुठे वळते ते दिसलं असतं. त्याला पुस्तक लागत नाही, शाळा लागत नाही. पाच सेकंद लागतात. तीस गाड्या सुखरूप गेल्या म्हणून मी ते पाच सेकंद कधी दिले नव्हते, आणि त्या दिवसापर्यंतच्या मला कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

त्या चवथीला आमच्या घरी आरतीला घुमट दुसऱ्या मुलाने वाजवलं. भाचा हात छातीशी बांधून भिंतीला टेकून बसला होता आणि ओठांनी बोल धरत होता. मी शेवटची आरती होईपर्यंत आत आलो नाही.

ती गाडी तशीच उभी राहिली, बोल्ट आधीपेक्षा घट्ट. मालकाने बिचाऱ्याने एक शब्द काढला नाही, भाड्याच्या गाडीने गावी गेला. चवथीनंतर मी बेतोड्याला एका लेथवाल्याकडे गेलो. त्या पुलीच्या मधे पन्नास मिलिमीटरचा षटकोनी खळगा असतो, कंपनीने तो पुली धरण्यासाठीच ठेवलेला आहे. त्यात बसेल असा षटकोनी तुकडा करून घेतला, मधून गोटी जाईल एवढं भोक, बाजूला जाड पट्टी वेल्ड केलेली. पट्टी जमिनीला अडवली, पाऊण इंची दांड्याला पाइप लावला, गोटी आणि दांड्याच्या जोडाखाली घोडा दिला म्हणजे दांडा खाली वाकून जोर खाणार नाही, आणि सावकाश अंग टाकलं. दहा मिनिटांत टक्क झालं. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. हा तुकडा आठ दिवस आधी करून घेता आला असता.

आता दोन दिवस कशाला, ते सांगतो. आदल्या संध्याकाळी गाडी घेतो. पहिलं काम म्हणजे चावीची ती टिचकी, आणि पुलीवर खडूने बाण. मग आटे कुठले ते बघतो, कारण काही इंजिनांत उलटे आटे असतात. काही इंजिनांत क्रँकवरच्या दातेरी चाकाला जागेवर धरणारी खिट्टीच नसते, नुसता बोल्टच्या दाबाने टायमिंग धरलेलं असतं. तिथे आधी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा आस) आणि क्रँक बांधल्याशिवाय बोल्टला हात लावत नाही. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू देतो. गॅसची ज्योत लावत नाही, पाठीमागे तेल रोखणारं ऑइल सील आहे आणि पुलीच्या दोन कड्यांमधे रबर आहे. दोन्ही गेली की तुम्हीच मला धरणार. काढलेली पुली बाहेरच्या कड्याला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून ओढत नाही, त्याच रबरासाठी. बसवताना जिथे कोनात, म्हणजे ठरावीक अंश फिरवून, आवळायचा बोल्ट आहे तिथे नवाच घालतो, आणि जोर मोजणारा टॉर्क पाना लावतो. हात कुणाचाही दांड्याजवळ नसतो. माझाही नाही.

हेही खरं की स्टार्टरने काढणारे चांगले मेस्त मी ओळखतो आणि त्यांच्याकडे काही बिघडत नाही. कुठलं इंजिन कुठे फिरतं ते त्यांना पाठ आहे. मला ते चुकीचे म्हणता येत नाही. माझ्या पद्धतीतही दोन वर्षांपूर्वी पाइप सटकला आणि माझं ढोपर फुटलं. मग मी हे सुरक्षित म्हणून करतो, की मला ती चावी फिरवायची भीती वाटते म्हणून? गिऱ्हाइकाने माझ्या भीतीची मजुरी का द्यावी, असं तुम्ही विचारलंत तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. म्हणून ज्यांना घाई असते त्यांना मी स्वतःच दुसरीकडे पाठवतो.

भाच्याचं आता वेर्ण्याला स्वतःचं गॅरेज आहे. एका बोटाचं पेर गेलं, दुसरं पूर्ण वळत नाही. तो म्हणतो, "मामा, हात तिथे मी ठेवला होता, तुम्ही नव्हता ठेवला." मी म्हणतो, "चावी माझ्या हातात होती." सोळा वर्षं आम्ही हेच बोलतोय. घुमट तो आता उलटं धरतो, चामड्यावर डावा हात आणि मडक्याच्या तोंडावर उजवा. वाड्यावरची नवी पोरं त्याच्याकडे बघून तसंच धरायला शिकली आहेत.