गस्तीतली ती क्लिप

गडचिरोली जिल्ह्यात, कोरची तालुक्यातल्या एका गावात आदिवासी बाया आपल्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे कायद्याने गावाचा हक्क मान्य झालेल्या जंगलात गस्त घालतात. मोबाइलवर व्हिडिओ करायला त्यांना मी शिकवते. शूटिंग लवकर जमतं, खरा झगडा आवाजाशी असतो. एप्रिलमध्ये सागाचा पाचोळा पायाखाली इतका करकरतो की बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून दोन फोन लागतात. एक शूटिंगला, दुसरा रेकॉर्डर चालू करून बोलणारीच्या पदरात, छातीपाशी. माइकवर सुती कापडाची एकच घडी ठेवायची, दोन केल्या तर आवाज दबतो. दोन्ही सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची; पुढे तिच्यावरूनच आवाज आणि चित्र जुळवता येतं. फोन फ्लाइट मोडवर. झाडाखाली ऊन-सावली सारखी हलते, तेव्हा चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करायचा, नाहीतर मागच्या उन्हामुळे चेहरा काळा पडतो.

मोहफुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्यातूनच वणवा पसरतो. या बाया पाचोळा न पेटवता खराट्याने झाडतात. आमच्या संस्थेच्या देणगीदारांना नव्वद सेकंदांची करुण गोष्ट हवी असते. बायांना पाचोळा कुठवर लोटायचा ते नीट दाखवायचं असतं. बायांचं बरोबर आहे.

त्या दिवशी ताजं तोडलेलं सागाचं खोड सापडलं. शिकवल्याप्रमाणे आधी लांबून, शेजारचा नाला दिसेल असा शॉट, मग कॅमेरा बंद न करता खोडापर्यंत चालत जाणं आणि शेवटी घेराला टेप. मध्ये कट नसला की जागेबद्दल वाद राहत नाही. खोडाशी पोहोचतो तोच झुडपामागून दोन मुलं लाकूड घेऊन निघाली. दोघांचेही चेहरे स्वच्छ आले. इतका पक्का पुरावा क्वचितच हाती लागतो.

"आपलेच पोट्टे होत जी," गस्तप्रमुख बाई म्हणाल्या. "गावात बसवून इचारू."

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, त्यामुळे निर्णय त्यांचाच होता. खोडापर्यंतचा भाग कापून वेगळा सेव्ह केला आणि मूळ क्लिप डिलीट केली, ट्रॅशमधूनही. बहुतेक फोनांत ती तिथे 30 दिवस पडून राहते. संस्थेचा समन्वयक हळहळला. व्हिडिओ एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की ग्रामसभेच्या हातात राहत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

मला बायांचं पटलं, पण एक प्रश्न सुटत नाही. उद्या पोरांच्या जागी बाहेरच्या व्यापाऱ्याचा ट्रक निघाला तर? नंबरप्लेट दिसेल असा शॉट घ्यायला शिकवलं आहे. तो कुणाच्या फोनमध्ये ठेवायचा आणि वनविभागाकडे कुणी न्यायचा, हे पुढच्या ग्रामसभेत ठरायचं आहे.