खपलीवरचा मावा आणि एका दिवसाचा फरक

शिरोळला मामांच्या शेतात रब्बीला दोन गहू शेजारी शेजारी असतात. खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी विहिरीलगतच्या चार वाफ्यांत खपली आणि उरलेल्या अर्ध्या एकरात लोकवन. दरवर्षी जानेवारीत मी तिथे गेले की मामा मला बांधावर नेतात आणि एकच गोष्ट दाखवतात : “पोरी, खपलीला मावा लागत न्हाई. लोकवन बघ, कसा चिकटलाय.” मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. मामांचे निरीक्षण खोटे नाही, कारण त्या वाफ्यांत उभी राहून मीही तेच पाहिले आहे. मात्र खपलीवर मावा कमी दिसणे आणि खपलीवर माव्याची वाढ कमी होणे, ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि दुसरे विधान करण्यासाठी नुसते पाहून भागत नाही.

मामांची खपली आधी पेरली जाते, तर लोकवन ऊस तुटून रान मोकळे झाल्यावर, म्हणजे बरेच उशिरा पेरले जाते. खपली उंच वाढते आणि लोळते म्हणून तिला युरिया बेताने मिळतो, लोकवनला मात्र हात सैल सोडून मिळतो. नत्र वाढले की पानांतल्या रसात अमिनो आम्ले वाढतात आणि माव्याला तेच हवे असते. म्हणजे मामांच्या शेतात वाण, पेरणीची वेळ आणि खत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचे हे नुसत्या शेताकडे पाहून सांगता येणार नाही. शिवाय खपली आणि लोकवन ही एकाच गव्हाची दोन वाणेही नव्हेत. खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर लोकवन हा ४२ गुणसूत्रांचा, रोजच्या चपातीचा गहू, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. आपण येथे दोन निराळ्या प्रजातींचीच तुलना करीत आहोत, हे सुरुवातीला स्पष्ट केलेले बरे.

वाणाचा परिणाम कुठे पाहायचा, हे कळण्यासाठी माव्याचे जननच समजून घ्यावे लागते. आपल्याकडे गव्हावर दिसणाऱ्या माव्याच्या माद्या नराशिवाय प्रजनन करतात आणि अंडी न घालता थेट पिल्ले जन्माला घालतात. पिल्लू चार वेळा कात टाकते, आणि हवा मानवली तर साधारण आठवड्याभरात स्वतःच पिल्ले देऊ लागते. याहून विलक्षण गोष्ट अशी, की जन्माला येणाऱ्या पिलाच्या पोटात त्याच्या स्वतःच्या पिलांचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एका वेळी एकाच रसावर जगत असतात. हा रस साखरेने भरलेला पण अमिनो आम्लांच्या बाबतीत दरिद्री असतो. त्यातली उणीव माव्याच्या शरीरातले ‘बुखनेरा’ नावाचे जिवाणू भरून काढतात, आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. पानावर पडणारा चिकटा आणि त्यावर येणारी काळी बुरशी ही त्याचीच फळे.

आता हिशेबाकडे वळते, कारण मला जे सांगायचे आहे ते या हिशेबातच आहे. वायट आणि व्हाइट या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. मावा जन्मापासून पहिले पिल्लू देईपर्यंत किती दिवस घेतो ते मोजायचे, आणि त्यानंतरच्या तितक्याच दिवसांत तो किती पिल्ले देतो ते मोजायचे. पिलांच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमला ०.७३८ ने गुणून दिवसांनी भागले, की रोजचा वाढीचा दर मिळतो. समजा, एका वाणावर मावा ७ दिवसांत वयात आला आणि पुढच्या ७ दिवसांत त्याने ४० पिल्ले दिली. कोणतीही अडचण आली नाही तर तीन आठवड्यांत एका मादीपासून सुमारे ३,५०० मावे होतील. दुसऱ्या वाणावर वयात येण्याचे दिवस तेच, पण पिल्ले एकचतुर्थांशाने कमी, म्हणजे ३० झाली, तर तीन आठवड्यांनंतरची संख्या १,८५० च्या आसपास येते. तिसऱ्या वाणावर पिल्ले देण्याचा रोजचा वेग पहिल्या वाणाइतकाच आहे, पण वयात यायला ७ ऐवजी ८ दिवस लागतात. तेथे संख्या सुमारे १,६५० येते. पिल्ले एकचतुर्थांशाने घटवणाऱ्या वाणापेक्षा वयात येणे केवळ एक दिवस लांबवणारा वाण अधिक परिणामकारक ठरतो. हे आकडे मी समजण्यासाठी कल्पिले आहेत, मात्र त्यांतला संबंध खरा आहे. शेतात फेरी मारणाऱ्या माणसाला हा एक दिवस कधीच दिसत नाही. त्याला दिसते ती तीन आठवड्यांनंतरची ओंबी.

मग वाण हा एक दिवस कसा लांबवतो? पिकांची कीडप्रतिकारकता कशी वर्गीकृत करावी, याचा पाया अमेरिकेतल्या कॅन्ससमधले रेजिनल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये घातला. किडीला झाड नावडणे, झाडाच्या रसाने किडीची वाढ आणि जनन खुंटणे, आणि कीड असूनही झाडाने ती सोसणे, असे ते तीन प्रकार आहेत. माव्याच्या दिवसांचा हिशेब यांतल्या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेला आहे. गव्हाच्या कोवळ्या रोपात बेन्झोक्साझिनॉइड गटातली, किडींना अपायकारक संयुगे असतात, त्यांतले ‘डिंबोआ’ सर्वांत परिचित. रोप ते साखरेशी बांधून, निरुपद्रवी स्वरूपात पेशीत साठवते, आणि पेशी फुटली की विकर (एन्झाइम) त्याला मोकळे करते. सुरवंटाने पान कुरतडले तर हा मारा तत्काळ होतो. मावा मात्र अत्यंत सावध असतो. त्याची सोंड पेशी फोडत न जाता पेशींच्या मधून वाट काढत रसवाहिनीपर्यंत पोहोचते, वाटेत क्षणभर एखादी पेशी चाखते, आणि तेवढ्यात जे लागते तेवढेच त्याला लागते. म्हणून डिंबोआ जास्त असलेल्या वाणावर मावा सहसा मरत नाही. तो रसवाहिनीपर्यंत उशिरा पोहोचतो, कमी वेळ रस शोषतो आणि सावकाश वाढतो. या संयुगांचे प्रमाण उगवणीनंतरच्या थोड्या दिवसांत सर्वाधिक असते आणि रोप मोठे होताना घटत जाते. त्यामुळे रोपावस्थेत चांगला ठरलेला वाण निसवताना, म्हणजे ओंबी बाहेर पडताना, तसाच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. पोटरीवर आणि ओंबीवर पुन्हा वेगळी मोजणी करावी लागते, आणि आमच्या भागात मावा नेमका त्याच वेळी वाढतो.

गेल्या रब्बीत मी घराच्या गच्चीवर कुंड्यांत खपली, लोकवन आणि निफाडच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक असे तीन गहू लावले. सर्व कुंड्यांची माती, पेरणीची तारीख आणि पाणी सारखे ठेवले आणि युरिया कोणालाही दिला नाही. प्लॅस्टिकच्या झाकणांना मलमल चिकटवून लहान पिंजरे केले, पानाला चिमट्याने लावले आणि प्रत्येकात एक मावा सोडला. मावा मात्र मी शेजारच्या शाळूवरून, म्हणजे रब्बी ज्वारीवरून, आणला होता, आणि येथे माझी मोठी चूक झाली. ज्या मादीला मी खपलीवर ठेवले, तिची पिल्ले शाळूच्या रसावर तिच्या पोटात आधीच घडलेली होती, आणि त्या पिलांच्या पोटातले गर्भही. मी जे दिवस मोजले ते खपलीचे नव्हते, शाळूचे होते. पंधरा दिवसांच्या नोंदी हाताशी असून त्यांतून काहीही सांगता येत नाही, हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटले. आजीचे जेवण नातीच्या अंगात असते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आले आहे.

दुसरी एक गोष्ट मात्र त्या कुंड्यांनी दाखवली. पानावर गर्दी झाली किंवा पान पिवळे पडू लागले, की पिलांमध्ये पंखांच्या माद्या दिसू लागतात. पंखांची मादी वयात उशिरा येते आणि पिल्लेही कमी देते, पण ती उडून दुसऱ्या रोपावर जाते. म्हणून एखाद्या वाणावर मावा कमी आढळला तर तो तेथे वाढलाच नाही, की वाढून शेजारच्या वाफ्यात गेला, हा प्रश्न विचारावाच लागतो. मामांच्या खपलीपासून लोकवन एका बांधाच्या अंतरावर आहे.

मावा अजिबात टिकू नये असा वाण शोधावा, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ‘रशियन गहू मावा’ या किडीविरुद्ध १९९४ मध्ये ‘हॉल्ट’ हा वाण आला. त्यातले डीएन४ हे जनुक माव्याला जोरदार रोखत होते. २००३ मध्ये त्या जनुकाला न जुमानणारा माव्याचा नवा प्रकार तेथेच आढळला. आपल्या गव्हावरचा मावा ही निराळी जात आहे, पण जननाची रीत तीच आहे. एकही मादी तगली तर तिच्या सर्व मुली तिच्यासारख्याच असतात, आणि त्यांना पसरायला एक हंगाम पुरतो. मला स्वतःला त्यापेक्षा एक दिवस लांबवणारा वाण अधिक मोलाचा वाटतो, कारण तो दिवस ढालकिड्याला, क्रायसोपाला आणि सिर्फिड माशीच्या अळीला मिळतो. मावा खाणाऱ्या या मित्रकीटकांची पैदास माव्यापेक्षा सावकाश होते. माव्याचा वेग थोडा जरी कमी झाला तरी ते त्याला गाठू शकतात. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा आमच्या पट्ट्यात केवढी घबराट पसरली होती आणि पुढे डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांनी किती काम केले, हे येथल्या ऊसकऱ्यांना नव्याने सांगायला नको.

या हंगामात मी रीत बदलली आहे. नोव्हेंबरात तिन्ही गव्हांच्या कुंड्या दोन संचांत लावल्या. पहिल्या संचावर मावा दोन पिढ्या राहू दिला, खपलीचा खपलीवरच आणि लोकवनचा लोकवनवरच, म्हणजे शाळूची आठवण त्यांच्या अंगातून निघून जाईल. परवा त्यांची तिसऱ्या पिढीची पिल्ले मी बारीक ब्रशने उचलून दुसऱ्या संचाच्या पानांवर एकेक करून ठेवली आणि प्रत्येक पिंजऱ्यावर जन्माची तारीख लिहिली. मामांना फोन करून सांगितले, की लोकवनचा एक वाफा या वर्षी युरियाविना ठेवा आणि पुढच्या वर्षी खपलीच्याच दिवशी लोकवनच्या दोन ओळी पेरा. ते म्हणाले, “ठेवतो की. पण तू सांगशील ते खपलीच सांगंल बघ.” रोज सकाळी सात वाजता मी भिंग घेऊन गच्चीवर जाते. आज दुसरा दिवस आहे, आणि बहुतेक पिलांनी पहिली कात टाकली आहे.