बंडूचं शेत लिनक्सवर आणलं: सेव्ह फाइलींच्या शोधाची नोंद

शुक्रवार रात्र. लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून तीन आठवडे झाले, पण स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधलं माझं शेत अजून विंडोजच्या पार्टिशनवरच, म्हणजे डिस्कच्या विंडोजवाल्या भागातच, पडून होतं. तिसरं वर्ष चालू, तळघरात पिंपं भरलेली. पुन्हा १५ पार्सनिपच्या बियांपासून सुरुवात करायची माझी बिलकूल तयारी नाही.

पार्टिशन उघडलं तर ते नुसतं वाचण्यापुरतं माउंट झालं. चूक माझीच, विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करायचा राहिला होता. तो चालू असला की मशीन पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं. मला फक्त कॉपी करायची होती, त्यामुळे अडलं नाही. ॲपडेटा, रोमिंग, स्टारड्यूव्हॅली, सेव्ह्ज असं आत आत गेलो आणि 'बंडू' (माझ्या गेममधल्या शेतकऱ्याचं नाव), त्यापुढे अंडरस्कोर आणि लांबलचक आकडा असं सेव्हचं फोल्डर सापडलं. उचललं.

ठेवायचं कुठे, इथे फसलो. लिनक्समध्ये स्टीमवर (गेम विकत घेऊन चालवायचं दुकान) सगळं प्रोटॉनमधूनच, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनातूनच, चालतं असं डोक्यात पक्कं बसलेलं. मग प्रोटॉनच्या कंपॅटडेटा फोल्डरमध्ये ४१३१५० नावाचं फोल्डर गाठलं (हा स्टारड्यूचा नंबर, स्टोअरच्या पत्त्यातच दिसतो). त्यात पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, युजर्स, स्टीमयुजर... विंडोजचा अख्खा खोटा वाडा उभा! बंडूला तिथे नेऊन ठेवलं, गेम उघडला, यादी रिकामी. झोपलो.

शनिवार. चहा घेताना ट्यूब पेटली. स्टारड्यूची लिनक्ससाठीची स्वतंत्र आवृत्ती २०१६ पासून आहे आणि माझ्याकडे तीच चालत होती. तो वाडा म्हणजे मागे एकदा सक्तीने प्रोटॉन लावून पाहिला होता, त्याचे अवशेष.

आता अंदाज बांधायचे नाहीत, गेम स्वतः कुठे लिहितो ते पाहायचं, असं ठरवलं. नवा शेतकरी काढला आणि त्याला थेट अंथरुणात घातला. हा गेम रात्री झोपल्यावरच सेव्ह होतो, नुसतं बाहेर पडलात तर काहीच उमटत नाही. लगेच टर्मिनलमध्ये फाइंड कमांड, होम फोल्डर आणि 'एममिन उणे ५', म्हणजे गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फाइली. ब्राउझरच्या कॅशेचा उकिरडाच बाहेर आला, पण त्यात सेव्हगेमइन्फो चमकली. जागा होती होममधलं कॉन्फिग फोल्डर. नावाआधी टिंब असल्याने ते लपलेलं असतं, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतं.

बंडूला तिकडे हलवलं. तरी दिसेना! अर्धा तास परवानग्या तपासण्यात घालवला. शेवटी कळलं की कॉपी करताना हौसेने फोल्डरचं नाव 'जुनं शेत' करून ठेवलं होतं. फोल्डरचं नाव आणि आतल्या मुख्य फाइलचं नाव तंतोतंत एकच लागतं. नाव पूर्ववत केलं आणि शेत हजर, कोंबड्यांसकट.

रविवार. पुढचा गेम, हॉलो नाइट. हीच युक्ती, दहा मिनिटांत काम फत्ते. विंडोजवर ॲपडेटातलं लोकललो, इथे कॉन्फिगमधलं युनिटी३डी, पुढे टीम चेरी. चार स्लॉटच्या चार डॅट फाइली. कॉपी करण्याआधी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम क्लाउड (सेव्हची ऑनलाइन प्रत ठेवणारी सोय) बंद केला, नाहीतर क्लाउडवरची रिकामी सेव्ह आपल्या फाइलीवर येऊन बसायची भीती. आणि फोल्डर हाताने बनवत असाल तर मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी ठेवा, लिनक्सला तो फरक कळतो. प्रोटॉनच्या वाड्यात मात्र हे चालून जातं, तिथे वाइन (प्रोटॉनच्या पोटातलं, विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) सांभाळून घेतं.

आता विचर ३. त्याची लिनक्स आवृत्तीच नाही, म्हणजे इथे वाडाच खरा: २९२०३०, स्टीमयुजरच्या डॉक्युमेंट्समध्ये गेमसेव्ह्ज. पण प्रोटॉन एकदा गेम चालवल्याशिवाय तो वाडा बांधत नाही आणि गेम अजून डाउनलोडच होतोय. ६१ टक्के.