पहिला प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साहेब आज किती वाजता आले आणि कोणत्या मनःस्थितीत आले, हे गेटवरच्या नोंदवहीपेक्षा बाहेरच्या चहाच्या गाड्यावर अधिक अचूक कळते. हाताखाली चार माणसे आली की आपल्या सवयी आपल्या खाजगी राहत नाहीत, याची कल्पना बढतीचे पत्र देताना कोणी देत नाही. साहेबांनी भट्टीजवळ जाताना हेल्मेट काखेत धरले, तर दुपारपर्यंत निम्म्या शॉपची हेल्मेटे काखेत जातात. मग फलकावर सुरक्षेची सूचना कितीही ठळक अक्षरांत लावलेली असो.

वरिष्ठांचे चारित्र्य घडवण्यासाठी हल्ली प्रशिक्षण शिबिरे भरतात. त्यांचा उपयोग होत नाही असे नाही, पण तांबडा-पांढरा रस्सा पोटभर झाल्यानंतर ‘स्वयंशिस्त’ या विषयावरचे सत्र ठेवणाऱ्या संयोजकांना माणसाच्या स्वभावाची फारशी जाण नसावी. माझ्या मते वरिष्ठाची खरी परीक्षा शिबिरात नव्हे, तर ओतलेले नग घासून साफ करणाऱ्या फेटलिंग विभागात होते. तिथे एखाद्या सकाळी घासून पुढे आलेल्या कास्टिंगांवर, म्हणजे ओतीव नगांवर, ब्लोहोल (वायूमुळे पडलेली छिद्रे) दिसतात, ग्राहकाची गाडी दुपारी यायची असते आणि सगळे जण साहेबांच्या तोंडाकडे पाहत उभे असतात. त्या क्षणी तोंडातून बाहेर पडणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “कुणी केलं हे?”

हा प्रश्न चुकीचा का, हे ओतकामाकडे पाहिले की समजते. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास लागतो. तो वाढला की तापलेल्या धातूच्या स्पर्शाने त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती कास्टिंगमध्येच पोकळी करून बसते. पण तशीच पोकळी कोअर, म्हणजे नगात पोकळ जागा ठेवणारा वाळूचा गाभा, नीट न भाजल्यानेही होते, साच्याला वायू जाण्यासाठी पाडायची छिद्रे कमी पडल्यानेही होते आणि धातू जरा थंड ओतला गेल्यानेही होते. म्हणजे एका छिद्रामागे चार-पाच विभागांचे हात असू शकतात. अशा ठिकाणी “कुणी केलं” असे विचारले, की वाळूवाला साचे करणाऱ्या मोल्डरकडे बोट दाखवतो, मोल्डर भट्टीकडे आणि भट्टीवाला रात्रपाळीकडे. रात्रपाळी तर तेव्हा घरी झोपलेली असल्यामुळे गुन्हेगार म्हणून फारच सोयीची ठरते. कारण जिथे आहे तिथेच राहते, आणि पुढच्या खेपेला सदोष नग ढिगाच्या तळाशी जाऊन बसतात. “कसं झालं?” असे विचारणाऱ्या साहेबांसमोर मात्र तोच माणूस, थोडा वेळ घेऊन का होईना, काल मिक्सरमध्ये पाणी जास्त पडले होते, हे आपणहून सांगतो.

अडचण अशी, की राग आलेला असताना विचार करून प्रश्न निवडता येत नाही. जिभेला जे वळण लागलेले असते तेच बाहेर येते. कोल्हापूरकराला हे तालमीवरून सहज पटावे. ऐन कुस्तीत डाव आठवत बसणारा पैलवान चितपट होतो. तो डाव त्याआधी पहाटे लाल मातीत शेकडो वेळा अंगात भिनवलेला असावा लागतो. म्हणून मोठ्या नुकसानीच्या दिवशी शांत राहीन, असा संकल्प करण्यात अर्थ नाही. उशिरा आलेला हेल्पर, हरवलेला गेज, चुकीचे भरलेले चलन अशा फुटकळ प्रसंगांत “कसं झालं” म्हणण्याचा सराव करावा. चारचौघांत ओरडलो असू, तर दिलगिरीही त्याच चारचौघांत व्यक्त करण्याची सवय याच सरावात यावी. केबिनमध्ये बोलावून हळूच मागितलेली माफी ही निम्मीच माफी असते.

वरिष्ठाची सवय सूचनेपेक्षा मोठी ठरते, याचा मोठा दाखला या गावाला शोधायला दूर जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम १९१९ मध्ये काढले. राजाला एवढ्यावर थांबता आले असते. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढल्यावर महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावत. हुकूम कागदावर राहू शकतो. राजा स्वतः पुन्हा पुन्हा तिथला चहा पितो म्हटल्यावर सोबतच्या उच्चवर्णीयांना सबब सांगायला जागा उरत नव्हती.

आपल्यासारख्यांची खरी गोची वेगळीच आहे. हुद्दा वाढतो तसे आपल्या सवयींबद्दल तोंडावर बोलणारे कमी होत जातात, आणि वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये साहेबांच्या जिभेसाठी रकाना नसतो. आमच्या मोल्डिंगमध्ये एक जुने मामा आहेत. “साहेब, आज जरा जास्तच बोललासा,” एवढे एक वाक्य ते बोलतात आणि पुन्हा साच्याकडे वळतात. पुढच्या वर्षी ते निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी मोल्डर मिळेल, त्यासाठी अर्जही आले आहेत. हे दुसरे काम कोणाकडे सोपवायचे, याचा शोध मात्र मी आतापासूनच सुरू केला आहे.