गच्चीवर सोलर बसलं दोन दिवसांत, कागदं झाली चार महिन्यांत – माझा अनुभव

सोलरचं खूळ आमच्याकडे आईच्या एफडीतनं निघालं. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहावर आणला, जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा, आणि आईची एक एफडी नेमकी त्याच महिन्यात मॅच्युअर होत होती. ती टीव्हीवर बातमी ऐकून मला म्हणाली, आता हे एफडीचे दर पण खाली आणणार बघ. आई ७१ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवायची, व्याजाच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नाही. त्याच आठवड्यात लाइटबिल आलं चार हजार दोनशेचं, थंडीतलं, एसी बंद असताना. उन्हाळ्यात ते साडेसहा हजारांपर्यंत जातं कारण तीनशे युनिटच्या वर गेलं की पुढचा स्लॅब अंगावर येतो. आईने बिलाच्या पाठीमागे पेनाने हिशोब मांडला. एक लाख सतरा हजार बँकेत ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला आठ हजार एकशे नव्वद, आणि तेच गच्चीवर टाकले तर महिन्याला साडेतीन हजार वाचणार. मग मला म्हणाली, तू जरा चौकशी कर. झालं, तिथून माझे चार महिने गेले.

आता एक लाख सतरा कुठून आले ते सांगते. पीएम सूर्यघर म्हणून केंद्राची योजना आहे, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली, एक कोटी घरांवर सोलर बसवायचं टार्गेट आहे. त्यात पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार सबसिडी, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किलोवॉटला ७८,०००, आणि तुम्ही पाच बसवा नाहीतर सात, सबसिडी तेवढीच. आम्हाला तीनचंच पुरेसं होतं. एक किलोवॉट म्हणजे पुण्यात दिवसाला सरासरी चार युनिट धरायचे, तीनचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, आणि आमचा वापर पण साधारण तेवढाच. कोटेशन एक लाख पंच्याण्णवचं, त्यातनं अठ्ठ्याहत्तर वजा करा. पण पैसे आधी पूर्ण आपणच भरायचे असतात, सबसिडी नंतर खात्यावर येते, हे व्हेंडर लोक हळू आवाजात सांगतात.

पहिला व्हेंडर सोसायटीत पॅम्फ्लेट टाकून गेलेला. त्याचं कोटेशन सगळ्यात स्वस्त, एक लाख बासष्ट हजार, आणि वर सबसिडी मिळणारच ताई, माझी गॅरंटी. मी कॉमर्सवाली, एका सीएच्या ऑफिसात काम करते, मला पॅनेलमधलं ओ की ठो कळत नाही पण कोटेशन वाचता येतं. दुसऱ्या दोघांच्या कागदावर पॅनेलपुढे डीसीआर असं लिहिलेलं आणि याच्या कागदावर नाही. शोधल्यावर कळलं की सबसिडी हवी तर पॅनेल आणि त्याच्या आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात, आणि ते बाहेरच्या मालापेक्षा महाग पडतात. त्याला फोन केला तर म्हणे, ते आपण मॅनेज करू. मॅनेज हा शब्द ऐकला की मी फोन ठेवते, ऑफिसची सवय.

दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये जीएसटी १३.८ टक्के लावलेला. मला वाटलं हा पण काहीतरी खातोय, असा कुठला रेट असतो का? सरांना विचारलं तर हसले. सोलरच्या कामात सत्तर टक्के माल धरतात आणि तीस टक्के सर्व्हिस, मालाला तेव्हा बारा आणि सर्व्हिसला अठरा, मिळून १३.८. म्हणजे माणूस बरोबर होता. यालाच काम दिलं.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. साइटवर अर्ज करायला बसले, ग्राहक क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर बाबांचं नाव आलं. बाबा २०१७ ला गेले. आठ वर्षं आम्ही दर महिन्याला त्यांच्या नावाचं बिल भरत होतो, फ्रिजवर लावत होतो, कधी मनातच आलं नाही. बरं, बिलाला लिंक असलेला मोबाइल नंबर पण बाबांचाच, ते सिम केव्हाच बंद झालेलं, त्यामुळे ओटीपी कुठे जात होता देव जाणे. व्हेंडरकडचा मुलगा म्हणाला, ताई ज्याच्या नावावर बिल त्याच्याच नावाने अर्ज आणि त्याच्याच नावाच्या खात्यात सबसिडी, आधी नाव बदलून घ्या. चूक आमचीच होती, कोणाला बोलणार.

नावात बदल करायला काय काय लागलं ते लिहिते म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. बाबांचा मृत्यू दाखला, घराच्या खरेदीखताची कॉपी, महापालिकेची मिळकतकराची चालू पावती, आईचं आधार, आणि आम्हा दोन्ही मुलांची ना-हरकत स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. स्टॅम्पपेपर मी शंभरचा आणायला गेले तर तो माणूस म्हणाला, मॅडम शंभरचा आता विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय. दादा नाशिकला असतो. त्याला फोन केला तर तो पहिलं वाक्य काय बोलला, "घराच्या कागदावर सही म्हणजे नक्की कशावर?" मी म्हणलं, दादा, मीटर आहे रे तो, सातबारा नाही. दोन दिवस बोललो नाही आम्ही. मग वहिनीने त्याला समजावलं आणि गुढीपाडव्याला आला तेव्हा श्रीखंड खाऊन सही केली.

एवढं होईपर्यंत एप्रिल लागला. फाइल घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात गेले, तिथल्या बाई खरंच चांगल्या होत्या, एकेक कागद बोटाने चाचपून बघितला आणि मान वर करून म्हणाल्या, "आईंचं नाव मंगल का मंगला?" मिळकतकराच्या पावतीवर मंगला, आधारवर मंगल. एका कान्यासाठी परत घरी. आईला विचारलं तुझं खरं नाव काय, तर म्हणाली शाळेच्या दाखल्यावर मंगला आहे, पण तुझे बाबा मंगल म्हणायचे, आधारच्या वेळी तेच सांगितलं. आता काय बोलणार. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं अजून एक प्रतिज्ञापत्र. अजून पाचशे.

एप्रिलच्या शेवटी आईच्या नावाचं पहिलं बिल आलं. तिने ते बराच वेळ हातात धरलं, मग बाबांच्या नावाचं आधीचं बिल फ्रिजवरून काढून कपाटात गीतेच्या पुस्तकात ठेवलं. मी काही विचारलं नाही.

त्यानंतरचा अर्ज मात्र सरळ गेला. दहा किलोवॉटपर्यंत आता तांत्रिक तपासणीची भानगड ठेवलेली नाही, अर्ज केला की मंजूर धरतात, २०२४ मध्येच नियम बदलला. व्हेंडर निवडायचा, त्याच्याशी करार अपलोड करायचा, बस.

बसवायच्या आधी गच्चीचा प्रश्न आला. आमच्या गच्चीवर विटांचा कोबा आहे, बाबांनी मोठ्या हौसेने करून घेतलेला, आजपर्यंत एक थेंब गळलेलं नाही. स्ट्रक्चरचे पाय ड्रिल मारून बसवतात म्हणल्यावर आई गच्चीच्या दारात उभी राहिली. ड्रिल मारायचं नाही. व्हेंडरकडचा मुलगा बिचारा समजावत होता, आजी केमिकल भरतो वरून. आई म्हणाली, "अरे, कोबा एकदा फोडला की पाणी कुठून शिरतं ते ब्रह्मदेवाला कळत नाही." शेवटी काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवायचे ठरलं, चार हजार जास्तीचे. मला विचाराल तर हे सगळ्यांनीच करावं, वारा आला तरी वजनाने धरून राहतं आणि गच्चीला भोक पडत नाही, फक्त ठोकळे सुकायला सात-आठ दिवस द्या, घाई करू नका.

आईची दुसरी अट, स्ट्रक्चर उंच हवं, खाली वाळवण घालता आलं पाहिजे. आठ फूट उंच घेतलं, त्याचे वेगळे पैसे. स्ट्रक्चर उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की पॅनेलखाली सावली असते. सावलीत कुरडया कशा वाळणार! गणिताची बाई, पण हे तिच्या पण लक्षात आलं नाही आणि माझ्या पण. आता तिथे खुर्ची टाकून पेपर वाचते.

पॅनेल १६ मेला आले. सहा पॅनेल, प्रत्येक साडेपाचशे वॉटचं, साडेसात फूट लांब आणि वजन तीसेक किलो. आमचा जिना अरुंद, वळणावर पॅनेल अडकायला लागलं, मग बाहेरनं दोर टाकून वर ओढले. खाली एक मुलगा काच भिंतीला लागू नये म्हणून बांबूने ढकलत होता, वर दोघं ओढत होते, आणि प्रत्येक वेळी पॅनेल पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर आलं की माझा मुलगा आतून मोबाइलवर शूटिंग करत होता. अर्थिंगसाठी तीन खड्डे घेतले, एक पॅनेलच्या बाजूचा, एक घरच्या वायरिंगचा आणि एक वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून लावतात त्या अरेस्टरचा, त्यात आईचं एक जास्वंदीचं झाड गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलचा करंट घरात वापरता येईल असा करणारी पेटी, भिंतीवर, वायरिंग पूर्ण. दोन दिवसांत काम खलास. मी वाट बघतेय की आता चालू करतील, तर म्हणे नाही, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागल्याशिवाय चालू करायचं नाही.

आणि मग पाऊस आला. तुम्हाला आठवत असेल, २०२५ ला मे महिन्यातच मान्सून आला, केरळात २४ तारखेला आणि दोन दिवसांत पुण्यात. त्याच्या आधीपासूनच वळीव रोज झोडपत होता, झाडं पडत होती, लाइनमन सगळे तिकडे. आमचा मीटर कोण लावतंय. ऐन उन्हाळ्याचं सगळं ऊन नुसतं काचेवर पडून वाया गेलं, आई रोज सकाळी वर बघून म्हणायची, आज पंधरा युनिट गेले. मीटरची टेस्टिंग होऊन तो बसला १३ जूनला, आभाळ गच्च भरलेलं. त्या दिवशी अॅपवर दिवसभराचे ५.२ युनिट दिसले आणि आम्ही तरी पेढे आणले.

नवीन मीटर दोन आकडे दाखवतो, आपण घेतलेले युनिट आणि आपण लाइनला दिलेले. दिवसा आपलं जास्तीचं बाहेर जातं, रात्री आपण घेतो, बिलात वजाबाकी होते, उरलेले पुढच्या महिन्यात जातात, हिशोबाचं वर्ष मार्चअखेर. त्यामुळे मशीन दुपारीच लावा वगैरे घाई करायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणी नीट सांगितली नव्हती. जुलैतला गुरुवार, लाइट गेली, बाहेर नेमकं लख्ख ऊन पडलेलं. पंखा बंद. आई म्हणाली, अगं सोलर आहे ना आपलं? वर जाऊन बघितलं तर इन्व्हर्टरवर लाल दिवा. व्हेंडरकडच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, ताई हे ऑनग्रिड आहे, लाइन गेली की हे पण आपोआप बंद होतं. कारण खांबावर कोणी काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून करंट लाइनमध्ये गेला तर तो माणूस मरेल. लाइट गेल्यावर पण हवं असेल तर बॅटरीवालं घ्यावं लागतं, ते बरंच महाग. कारण पटलं, पण आधी सांगायला काय होतं? आई तीन तास पुठ्ठ्याने वारा घेत बसली आणि दर दहा मिनिटांनी वर बघत होती.

सबसिडी आली जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ७८,००० बरोब्बर, आईच्या खात्यात. पासबुकावर पण नाव मंगलच होतं म्हणून वाचलो. पावसात जुलै-ऑगस्टचं बिल आठशे-नऊशे येत होतं, ऑक्टोबरचं एकशे ऐंशी रुपये, म्हणजे जवळजवळ नुसता स्थिर आकार. दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पाइपने पॅनेल धुवायचे, कबुतरांची घाण फार असते, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. ते काम माझ्या मुलाकडे दिलंय, तो दहा वाजता उठतो म्हणून ते मीच करते.

थोडं वाईट एका गोष्टीचं वाटलं. २२ सप्टेंबरपासून सोलरच्या मालावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, आम्ही चारच महिने थांबलो असतो तर सात-आठ हजार वाचले असते. आईला सांगितलं तर म्हणाली, चार महिन्यांत किती युनिट गेले असते ते पण धर.

दिवाळीच्या आधी समोरचे काका बघायला आले, जीएसटी कमी झाल्याचं त्यांनी पण वाचलेलं. गच्चीवर खुर्चीत बसले, पॅनेलला हात लावून बघितला, किती खर्च, किती दिवस, कोणाकडून केलं सगळं विचारलं. मी सांगत होते. आई चहा घेऊन वर आली आणि कप हातात द्यायच्या आधी विचारलं, "भाऊ, तुमचं लाइटबिल कोणाच्या नावावर आहे?"

काका म्हणाले, "अण्णांच्या."

"म्हणजे तुमच्या वडिलांच्या? ते तर..."

"हो, ९८ ला गेले."

आई म्हणाली, "चहा घ्या आधी."