नऊचा खांब

आज एका क्लायंटची वर्षभराची व्हाउचरं सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि बेनफर्डची चाचणी लावली, म्हणजे रकमांचे पहिले अंक किती वेळा येतात ते मोजलं. साधारणपणे अशा रकमांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, ९ चं जेमतेम ४.६. इथे आलेखात ९ चा खांब भलताच उंच! उघडून बघते तर ९,८००, ९,९५०, ९,७००... साहेबांची सही १०,००० पासून लागते ना! बहुतेक बिलं एकाच वाहतूकदाराची.

(खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम्बला पहिल्या अंकांचं हे गणित १८८१ मध्ये लॉगच्या कोष्टकांची सुरुवातीची पानं जास्त मळलेली पाहून सुचलं. नाव मात्र बेनफर्डचं झालं, बिचारा!)

अर्थात आलेख म्हणजे पुरावा नव्हे. भाडंच तेवढं असेल तर?

दुपारी अकाउंटंट काका स्वतः चहा घेऊन आले. "मॅडम, काही सापडलं का?"

"बघतेय अजून, काका."

मूळ बिलं उद्या मागवलीयत.