टक्का वाढला, पैसा होता तिथेच

माझं काम बघायला गेलं तर कंटाळवाणंच आहे. वेगवेगळ्या देशांच्या सरकारांनी शिक्षणावर किती खर्च केला ते आकडे गोळा करायचे, साफ करायचे आणि ज्यांना रिपोर्ट लिहायचाय त्यांना एक नीट टेबल द्यायचं. त्यातला एक कॉलम म्हणजे सरकारच्या एकूण शिक्षणखर्चातला उच्च शिक्षणाचा वाटा. बऱ्याच देशांत तो 15 ते 25 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आणि वर्षानुवर्षं जागचा फारसा हलत नाही. म्हणूनच त्या दिवशी एका देशाची ओळ बघून मी खुर्चीत सरळ बसलो. नेमके आकडे देत नाही, पण आधीची चार-पाच वर्षं 20 आणि एकदम 31 असं धरा.

मला काय, हेडलाइनच मिळाली. चार वाजता ड्राफ्ट द्यायचा होता, पटकन चार्ट केला, त्यावर लाल बाण काढला आणि खाली लिहिलं, 'कॉलेजांना झुकतं माप, शाळा वाऱ्यावर'. स्वतःवर खूश होऊन शेजारच्या मॅडमना दाखवलं. त्या रिटायरमेंटला आलेल्या, या आकड्यांमध्ये आयुष्य गेलेलं. चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "अंश बघितलास का रे?"

नव्हता बघितला. मी तयार टक्केवारीच उचलली होती.

मग मूळ रकमा काढल्या तर विद्यापीठांवरचा खर्च जवळपास गेल्या वर्षीइतकाच, महागाई धरली तर थोडा कमीच. म्हणजे वर काहीच हललं नव्हतं, छेद, म्हणजे शिक्षणावरचा एकूण खर्च, मात्र एक तृतीयांशाने खाली आला होता. शंभरातले वीस म्हणजे वीस टक्के, पण तेच वीस पासष्टातले म्हणलं की होतात एकतीस, चौथीतलं गणित आणि मी त्यावर लाल बाण काढून बसलेलो. मॅडम म्हणाल्या, शाळांचा एवढा पैसा एका वर्षात खरंच कापला असता तर शिक्षक रस्त्यावर आले असते, बातमी आपल्याला टेबलातून कळली नसती. शिक्षकांची संख्या काढून बघितली तर ती जशीच्या तशी!

शेवटी त्या देशाचं बजेटचं पुस्तक उघडलं. चारशे-साडेचारशे पानांचं, तेही स्कॅन केलेलं, त्यामुळे सर्च चालत नाही, एकेक पान डोळ्यांनी बघायचं. दीड तासाने एका पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक चांदणी सापडली आणि तिच्यापुढे लिहिलेलं की या वर्षापासून प्राथमिक शिक्षकांचे पगार स्थानिक संस्थांच्या खात्यातून जातील. बस. व्याख्येप्रमाणे केंद्र, प्रांत आणि स्थानिक अशा तिन्ही पातळ्यांवरचा सरकारी खर्च मिळून छेद होतो, पण त्या देशातून आम्हाला आकड्यांचा फॉर्म भरून देणाऱ्याने फक्त मंत्रालयाचं पुस्तक धरलं होतं.

(असं फक्त गरीब देशांतच होतं असं समजू नका. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने 2018 मध्ये ठरवलं की स्टुडंट लोनचा जो भाग परत येणारच नाही तो दिला तेव्हाच सरकारी खर्च धरायचा, आणि 2019 पासून तो हिशोबात आला. त्या बदलापायी एकाही विद्यार्थ्याच्या हातात एक पैसा जास्त पडला नाही. कागदावर सरकारी तूट मात्र वाढली.)

मला राग याचाच येतो की हा टक्का सगळे आपापल्या सोयीने वापरतात. 2015 मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला जगभरच्या देशांनी ठरवलं की शिक्षणावर किमान जीडीपीच्या 4 ते 6 टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या 15 ते 20 टक्के पैसे जावेत, पण त्या पैशातले शाळेला किती आणि कॉलेजला किती याचा असा काही आकडा तिथे नाही. मग वाटा वाढला की एक जण म्हणतो वा, संशोधनाला बळ, दुसरा म्हणतो गरिबांच्या शाळांचा पैसा पळवला. मुलांचा जन्मदर घटून शाळाच रिकाम्या झाल्या तरी हा टक्का वाढू शकतो, हे दोघांच्याही गावी नसतं.

तर चार वाजता मी काय दिलं? ती चौकट रिकामी ठेवली, आत दोन टिंबं, आमच्याकडे 'आकडा उपलब्ध नाही'ची खूण. साहेब वैतागले, एवढा भारी मुद्दा होता तो कुठे गेला म्हणाले, मी तळटीप दाखवली तर म्हणे हे कोण वाचणार. चार्ट डिलीट केला, त्या देशाच्या ऑफिसला मेल टाकला.

तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, सुधारित तक्ता जोडला आहे. उघडला. स्थानिक संस्थांचा पैसा धरल्यावर उच्च शिक्षणाचा वाटा आधीच्या वर्षापेक्षा उलट किंचित घटलेला होता. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं, आता शेजारच्या देशाचाही छेद बघून घे."

बघितला. तिथेही एक चांदणी होती.